राष्ट्रीय उद्यानांतील पर्यटन : मर्यादा कोणाची, उत्पन्न कोणाचे?

३१ डिसेंबर २०२४ रोजी विदर्भातील उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी रस्ता दोन्ही बाजूंनी अडविला आणि एक वाघीण व तिचे पाच बछडे मध्येच कोंडले गेले. या प्रसंगाची चित्रफीत सर्वदूर पोहोचली. वाहनचालक व मार्गदर्शक यांच्यावर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने घटनेची स्वतःहून दखल घेतली. असे घडू नये यासाठी काय करावे, हे मात्र बारा वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते. वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखावे, प्राणी दिसल्यावर दोन वाहनांत किमान ५० मीटर अंतर असावे, कोणत्याही प्राण्याला घेरू नये, एकाच वाहनाने १५ मिनिटांहून अधिक काळ जागा अडवू नये, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने व्याघ्र प्रकल्पांसाठी २०१२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे.

नियम माहीत असूनही तो मोडला जातो, तेव्हा अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला दोन प्रश्न पडतात. नियम मोडण्यात कोणाचा लाभ आहे? आणि तो पाळण्यात कोणाचा? राष्ट्रीय उद्यानांतील पर्यटनाची चर्चा आपल्याकडे बहुधा 'पर्यटन हवे की संवर्धन' अशा द्वंद्वाच्या स्वरूपात होते. प्रत्यक्षात पर्यटनाची मर्यादा किती असावी हे त्या वनाची प्रकृती ठरविते. ती मर्यादा पाळली जाईल की नाही, हे उत्पन्नाचे वाटप ठरविते. या दोन्ही बाजूंचा एकत्रित विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची चौकट

भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान या नावाने स्थापन झाले. आज ते जिम कॉर्बेट राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते. सध्या देशात शंभराहून अधिक राष्ट्रीय उद्याने असून त्यांनी देशाच्या भौगोलिक क्षेत्राचा जेमतेम सव्वा ते दीड टक्का भाग व्यापला आहे. एवढ्या लहानशा क्षेत्रावर वन्यजीवांचे रक्षण, नद्यांच्या उगमांचे संरक्षण, स्थानिकांची उपजीविका आणि वाढत्या मध्यमवर्गाची पर्यटनाची हौस अशी चार ओझी एकाच वेळी पडली आहेत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३५ अन्वये राष्ट्रीय उद्यान घोषित केले जाते. अभयारण्यात काही अटींवर गुरे चारण्यास मुभा मिळू शकते. राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावरांच्या चराईला पूर्ण मनाई आहे. परीक्षार्थींनी हा भेद अवश्य ध्यानात ठेवावा. कलम २८ नुसार वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि कायदेशीर कामकाज या कारणांसाठी प्रवेशाचा परवाना देता येतो. म्हणजेच पर्यटन हा येथे हक्क नसून सशर्त परवानगी आहे. बाहेरून येणाऱ्या पर्यटकाला मिळणारी ही परवानगी आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे चारणाऱ्या गावकऱ्याला झालेली मनाई या विसंगतीतूनच पुढील बहुतेक संघर्ष जन्माला आले आहेत.

१९७३ मध्ये नऊ राखीव क्षेत्रांत व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. २००४-०५ मध्ये राजस्थानातील सरिस्का येथून वाघ नामशेष झाल्याचे उघड झाल्यावर केंद्र सरकारने व्याघ्र कृती दल नेमले. त्यानंतर २००६ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाला वैधानिक दर्जा मिळाला आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचे 'गाभा क्षेत्र' व त्याभोवतीचे 'बफर क्षेत्र' असे विभाजन करण्यात आले. मानवी हस्तक्षेपापासून मुक्त ठेवावयाचा भाग तो गाभा. वन्यजीव आणि माणूस यांच्या सहअस्तित्वासाठीचा भाग तो बफर. २०२५ पर्यंत व्याघ्र प्रकल्पांची संख्या ५८ वर गेली. २००६ मध्ये १,४११ असलेली वाघांची अंदाजित संख्या २०२२ च्या गणनेत सरासरी ३,६८२ इतकी आढळली. हे यश निर्विवाद आहे. मात्र वाघ वाढले तसे त्यांना पाहू इच्छिणारेही वाढले.

गाभा क्षेत्रात पर्यटन असावे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी अंतरिम आदेशाद्वारे गाभा क्षेत्रातील पर्यटन थांबविले. प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०१२ रोजी मार्गदर्शक सूचना अधिसूचित केल्यावर, दुसऱ्याच दिवशी त्या सूचनांच्या अधीन राहून पर्यटनास पुन्हा अनुमती मिळाली. गाभा क्षेत्राच्या कमाल २० टक्के भागातच नियंत्रित पर्यटन असावे, तेथे नवीन पर्यटन सुविधा उभारू नयेत आणि जुन्या कायमस्वरूपी सुविधा टप्प्याटप्प्याने हलवाव्यात, ही त्यांतील प्रमुख सूत्रे होत. ज्या जागेतून गावांचे पुनर्वसन झाले, तेथे पर्यटनाच्या सुविधा उभारता येणार नाहीत, ही तरतूदही महत्त्वाची आहे. वाघासाठी म्हणून ज्याने घर सोडले, त्याच्या घराच्या जागी विश्रामगृह उभे राहू नये, एवढा न्याय त्यात निश्चितच आहे.

एक जंगल, तीन प्रकारच्या वस्तू

अर्थशास्त्राच्या परिभाषेत पाहिल्यास वन्यजीव पर्यटनात तीन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तू एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पहिली वस्तू म्हणजे वाघाचे, गेंड्याचे किंवा क्रौंचाचे अस्तित्व. ते सर्वांसाठी असते. एकाने त्याचा लाभ घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही आणि कोणाला त्यापासून वगळताही येत नाही. ही 'सार्वजनिक वस्तू' होय. दुसरी वस्तू म्हणजे सफारी. येथे प्रवेशद्वार आहे, तिकीट आहे, म्हणून इतरांना वगळता येते. ठरावीक संख्येपर्यंत एका पर्यटकामुळे दुसऱ्याला त्रास होत नाही, परंतु ती मर्यादा ओलांडली की गर्दी होते आणि सर्वांच्याच अनुभवाची प्रत घसरते. हिला 'मंडळ-वस्तू' म्हणतात. तिसरी वस्तू म्हणजे प्रवेशद्वाराबाहेरील हॉटेलची खोली. ती निव्वळ 'खाजगी वस्तू' आहे आणि तिच्या भाड्याचे उत्पन्न मालकाकडे जाते.

या तीन वस्तूंचे खर्च आणि लाभ जुळत नाहीत. पहिल्या वस्तूचा खर्च शासन तिजोरीतून करते. त्याहून मोठा खर्च सीमेवरील गावे करतात. पिकांत शिरणारी रानडुकरे व हत्ती, मारली गेलेली गुरे, कधी मनुष्यहानी, शिवाय चराई आणि सरपण यांवरील बंधने असे त्या खर्चाचे स्वरूप आहे. उत्पन्नाचा मोठा वाटा मात्र तिसऱ्या वस्तूतून निर्माण होतो. जंगलाशेजारच्या खोलीला चढा दर मिळतो तो जंगलामुळे, पण त्या दरातील किती अंश जंगलाकडे परत जातो? अर्थशास्त्रात याला 'बाह्यता' म्हणतात : एकाच्या व्यवहाराचा लाभ किंवा तोटा दुसऱ्याच्या पदरी पडतो आणि किमतीत त्याची नोंद होत नाही. मिळालेले उत्पन्न स्थानिक अर्थव्यवस्थेत न राहता बाहेर जाते, तेव्हा त्यास 'गळती' म्हटले जाते.

कृती कारंथ आणि रूथ डीफ्रीस यांनी देशातील १० संरक्षित क्षेत्रांचा अभ्यास करून २०१० च्या सुमारास निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथील पर्यटकांची संख्या वर्षाला सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी वाढत होती आणि त्यांत सुमारे ८० टक्के पर्यटक भारतीय होते. पर्यटन सुविधांपैकी ७२ टक्के २००० नंतर उभ्या राहिल्या होत्या आणि ८५ टक्के सुविधा सीमेपासून पाच किलोमीटरच्या आत होत्या. दहा किलोमीटरच्या परिघातील लोकसंख्येशी तुलना करता पर्यटनातून थेट रोजगार मिळालेल्यांचे प्रमाण नगण्य होते. विदेशी पर्यटकामुळे जंगल बिघडते, हा लोकप्रिय समज त्यामुळे टिकत नाही. मागणी देशांतर्गत आहे, ती वाढणारी आहे, आणि तिचा भार सीमेलगतच्या चिंचोळ्या पट्ट्यावर पडतो.

वहनक्षमतेचे गणित

मर्यादा किती, हे ठरविण्यासाठी 'वहनक्षमता' ही संकल्पना वापरतात. २०१२ च्या सूचनांतही तिचे सूत्र दिलेले आहे. ते तीन पायऱ्यांत उलगडते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका उद्यानात पर्यटनासाठी ४० किलोमीटरचे रस्ते आहेत. दोन वाहनांत ५०० मीटर अंतर ठेवायचे म्हटले, तर एका वेळी ८० वाहने मावतात. उद्यान दिवसात ८ तास खुले आणि एक फेरी ४ तासांची, म्हणून दोन पाळ्या. गुणाकार १६० येतो. ही झाली 'भौतिक वहनक्षमता'.

दुसऱ्या पायरीवर निसर्गाच्या मर्यादा वजा होतात. रस्त्यांची धूप, प्राण्यांच्या विणीचा काळ, पाऊस किंवा उष्म्यामुळे काही काळ बंद राहणारे मार्ग अशा घटकांसाठी समजा अनुक्रमे २०, १० आणि २५ टक्के कपात केली. १६० गुणिले ०.८० गुणिले ०.९० गुणिले ०.७५ केल्यास सुमारे ८६ फेऱ्या उरतात. ही 'वास्तविक वहनक्षमता'.

तिसरी पायरी व्यवस्थापनाची. मंजूर वनरक्षकांपैकी निम्मीच पदे भरलेली असतील, तर देखरेखीची क्षमताही निम्मी. म्हणून 'परिणामकारक वहनक्षमता' केवळ ४३ फेऱ्यांची होते. १६० पासून ४३ पर्यंतच्या या उतरणीत शेवटची मोठी घट वनामुळे झालेली नाही, ती रिक्त पदांमुळे झाली आहे. तिसरी पायरी वगळून दुसऱ्या पायरीवरच थांबणे, किंवा कपातीचे गुणक सैल धरणे, हे मोहाचे मार्ग आहेत. म्हणून वहनक्षमतेचा आकडा जाहीर करताना तो कोणत्या गृहीतकांवर काढला, हेही जाहीर होणे अगत्याचे ठरते. शिवाय वाहनांची संख्या ही एकमेव कसोटी नाही. ४३ वाहने दिवसभरात विखुरलेली असणे आणि ४३ वाहने एकाच वाघिणीभोवती गोळा होणे यांत महदंतर आहे.

बंदीचे दोन अनुभव

मर्यादा पाळणे अवघड असेल, तर सरसकट बंदी घालावी असे काहींना वाटते. या संदर्भात दोन अनुभव बोधप्रद आहेत.

उत्तराखंडातील नंदादेवीचे अंतर्गत खोरे १९७४ मध्ये गिर्यारोहकांसाठी खुले झाले. मोहिमांमागून मोहिमा येऊ लागल्या. कचरा साचला, सरपणासाठी झाडे तुटली, नाजूक हिमालयीन कुरणे तुडविली गेली. अखेर १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित होऊन ते क्षेत्र बंद करण्यात आले. निसर्ग सावरण्यास त्याचा लाभ झाला. परंतु लाता, रेणी यांसारख्या गावांतील भोटिया समाजाचे भारवाहक व वाटाडे म्हणून मिळणारे उत्पन्न त्याच आदेशाने संपले, कुरणे आणि वनौषधीही दुरावल्या. ज्या रेणीच्या स्त्रियांनी १९७४ मध्ये 'चिपको'तून झाडे वाचविली, त्यांच्याच गावाच्या पदरी ही बंदी आली. २००१ मध्ये लाता ग्रामसभेने जैवविविधता व पर्यटन यांविषयी आपला जाहीरनामा संमत केला. पर्यटन यावे, पण ते समाजाच्या हाती आणि निसर्गाच्या मर्यादेत असावे, ही त्यामागील भूमिका होती. २००३ पासून अगदी मर्यादित संख्येने पर्यटकांना एका ठरावीक टप्प्यापर्यंत जाऊ देण्यात येऊ लागले.

दुसरा अनुभव राजस्थानातील भरतपूरचा. सुमारे २९ चौरस किलोमीटरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान हे मुळात मानवनिर्मित पाणथळ क्षेत्र आहे. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये येथे चराईबंदी लागू झाली. गावकऱ्यांचा विरोध, पोलिसांचा गोळीबार आणि त्यात काही ग्रामस्थांचा मृत्यू अशी त्याची परिणती झाली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात असे आढळले, की म्हशींची चराई थांबल्याने पाण्यातील एक गवत बेसुमार वाढले आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. माणसाला वगळणे म्हणजे संवर्धन, हे समीकरण येथे उलटले. याच भरतपूरमध्ये सायकलरिक्षा चालविणाऱ्या स्थानिकांना पक्षी ओळखण्याचे प्रशिक्षण मिळाले आणि ते पर्यटकांचे मार्गदर्शक बनले. धूर नाही, गोंगाट नाही, आणि भाड्याचे पैसे गावातच. ज्या वर्षी उद्यानात पुरेसे पाणी येत नाही, त्या वर्षी पक्षी येत नाहीत आणि रिक्षावाल्याची चूलही थंड पडते. पाणथळ जागा ही आपली भांडवली ठेव आहे, हे त्याला अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही.

वाटपाचा अनुभव

केरळातील पेरियार व्याघ्र प्रकल्पाचे उदाहरण देशभर दिले जाते, ते योग्यच आहे. १९९६ मध्ये जागतिक बँक व जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने सात संरक्षित क्षेत्रांत भारत परिस्थितिकीय विकास प्रकल्प सुरू झाला; पेरियार त्यांपैकी एक. येथील जंगलात रानदालचिनीची साल चोरून नेणाऱ्यांची एक टोळीच होती. वन विभागाने त्यांच्याशी संवाद साधला आणि त्यांची परिस्थितिकीय विकास समिती स्थापन झाली. जंगलातील चोरवाटा ज्यांना पाठ होत्या, तेच पर्यटकांना पायी जंगल दाखवू लागले आणि त्याच फेरीत गस्तही होऊ लागली. लगतच्या गावांतील स्त्रियांनी 'वसंत सेना' या नावाने विनावेतन गस्त घालण्यास प्रारंभ केला.

बाह्य साहाय्याचे प्रकल्प मुदत संपली की बहुधा विरून जातात. पेरियारमध्ये ते टळले, कारण २००४ मध्ये 'पेरियार प्रतिष्ठान' स्थापन होऊन पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या अधिभाराचा पैसा स्थानिक पातळीवरच राहू लागला. पूर्वी प्रवेशशुल्क राज्याच्या तिजोरीत जमा होई आणि उद्यानाला अंदाजपत्रकाची वाट पाहावी लागे. २००६ च्या दुरुस्तीतील कलम ३८-एक्स नुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाची जी तरतूद झाली, तिला पेरियारची ही पार्श्वभूमी आहे.

याच पेरियारच्या तेक्कडी सरोवरात ३० सप्टेंबर २००९ रोजी पर्यटकांची नौका उलटून ४५ जण बुडाले. प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला सरकल्याने ती कलंडल्याचे त्या वेळी सांगितले गेले. उत्तम नमुना समजल्या जाणाऱ्या ठिकाणीही मर्यादेचा प्रश्न रोजच्या रोज सांभाळावा लागतो, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

लडाखमधील हेमिस हे क्षेत्रफळाने देशातील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान. हिमबिबट्या मेंढ्या मारतो म्हणून तेथील मेंढपाळ त्याला शत्रू मानत. या शतकाच्या प्रारंभी रिनचेन वांगचुक यांच्या पुढाकाराने गावांत 'होमस्टे' सुरू झाले. पर्यटक गावकऱ्यांच्याच घरात राहतो, घरातील स्त्री त्याची व्यवस्था पाहते, भाडे तिच्या हाती पडते आणि त्यातील काही हिस्सा गावाच्या संवर्धन निधीत जातो. गोठे हिमबिबट्याला आत शिरता येणार नाही असे बंदिस्त करण्यात आले. येथे हॉटेलची 'खाजगी वस्तू'च गावाच्या मालकीची झाल्याने गळती उरली नाही, आणि मेंढी मारणारा प्राणी उत्पन्न मिळवून देणारा ठरला.

विदर्भातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात बफर क्षेत्रातील सफारी वाढविण्यात आली. त्यामुळे गाभ्यावरील ताण विभागला गेला आणि सीमेवरील गावांतील तरुणांना मार्गदर्शक, वाहनचालक म्हणून काम मिळाले. बफरमधील गावांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली. सरपणावरील अवलंबन कमी करण्यासाठी स्वयंपाकाचा गॅस देणे हे तिचे एक अंग आहे. मात्र केवळ पर्यटनावर विसंबलेली उपजीविका किती अस्थिर असते, हे २०२० मध्ये महासाथीमुळे उद्याने बंद झाली तेव्हा सर्वत्र दिसून आले. पर्यटन हे शेती, पशुपालन आणि वनोपज यांना पूरक असावे. त्यांची जागा त्याने घेऊ नये.

सीमेबाहेरील प्रश्न

प्रवेशद्वाराच्या आत वाहनांची संख्या मोजता येते. बाहेर काय? वन्यप्राणी नकाशावरील रेषा पाळत नाहीत. कॉर्बेटच्या पूर्व सीमेवर कोसी नदीच्या काठाने, रामनगर-ढिकुली परिसरात, हॉटेलांची आणि विश्रामधामांची रांग उभी राहिली आणि नदीकडे उतरणाऱ्या प्राण्यांच्या वाटा अरुंद झाल्या. तामिळनाडूत मुदुमलाईलगतच्या सिगूर पठारावरील हत्तींच्या भ्रमणमार्गात उभ्या राहिलेल्या विश्रामधामांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने १४ ऑक्टोबर २०२० रोजी मद्रास उच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय कायम करून भ्रमणमार्ग मोकळा ठेवण्याच्या शासनाच्या अधिकारास मान्यता दिली. आसामातील काझीरंगात पुराच्या वेळी प्राणी कार्बी आंगलोंगच्या टेकड्यांकडे जातात. त्या वाटांवरील नव्या बांधकामांनाही २०१९ मध्ये न्यायालयाने मनाई केली.

उल्लंघन केवळ खाजगी क्षेत्राकडूनच होते असे नाही. कॉर्बेटमधील पाखरो येथे व्याघ्र सफारीच्या निमित्ताने झालेली वृक्षतोड व बेकायदा बांधकामे यांबाबत ६ मार्च २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शासकीय यंत्रणेलाच कठोर शब्दांत दोषी धरले. वन ही जनतेची ठेव असून शासन तिचे केवळ विश्वस्त आहे, हा 'सार्वजनिक विश्वस्त सिद्धांत' न्यायालयाने त्यात पुन्हा अधोरेखित केला.

संरक्षित क्षेत्राभोवती 'पर्यावरण संवेदनशील क्षेत्र' जाहीर करणे हा सीमेबाहेरील प्रश्नावरील वैधानिक उपाय होय. असे क्षेत्र किमान एक किलोमीटरचे असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२२ रोजी म्हटले होते. सर्वत्र एकच मोजमाप लावणे व्यवहार्य नसल्याने २६ एप्रिल २०२३ रोजी त्यात बदल करण्यात आला. अंतर किती हे स्थानपरत्वे ठरावे, हे रास्तच आहे. परंतु ते ठरेपर्यंत जमिनींचे व्यवहार थांबत नाहीत, याचेही भान ठेवावे लागते.

आणखी एक दुर्लक्षित बाब धार्मिक पर्यटनाची. रणथंभोरमधील त्रिनेत्र गणेश, सरिस्कातील पांडुपोल हनुमान, पेरियारमधील शबरीमला अशी श्रद्धास्थाने संरक्षित क्षेत्रांच्या अंतर्भागात आहेत. सफारीची वाहने मोजली जातात. यात्रेकरूंची गर्दी मात्र बहुधा त्या हिशेबात धरली जात नाही. भाविकांच्या श्रद्धेला बाधा न आणता खाजगी वाहनांऐवजी सामूहिक बसची सोय, प्लॅस्टिकबंदी आणि ठरावीक वेळा हे उपाय करता येण्याजोगे आहेत.

वनाचे खरे मोल

उद्यानाचे मोल प्रवेशशुल्काने मोजण्याची सवय सोडावी लागेल. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने व्याघ्र प्राधिकरणाच्या सहकार्याने सहा व्याघ्र प्रकल्पांचे आर्थिक मूल्यमापन करून २०१५ मध्ये अहवाल सादर केला. त्यानुसार या प्रकल्पांपासून दरवर्षी मिळणाऱ्या लाभांचे मूल्य रणथंभोरमध्ये सुमारे ८३० कोटी रुपयांपासून पेरियारमध्ये सुमारे १,७६० कोटी रुपयांपर्यंत होते. त्यात मोठा वाटा जनुकीय ठेव, पाणी, मृदासंधारण, कर्बसंचय यांसारख्या सेवांचा होता. पेरियारचे पाणी सीमा ओलांडून तामिळनाडूतील शेतीला मिळते. त्या शेतकऱ्याने कदाचित कधी वाघ पाहिलेलाही नसेल. पर्यटन हा या मोठ्या लाभाचा एक लहान, पण सर्वांत सहज दिसणारा भाग आहे. लहान लाभासाठी मोठा लाभ धोक्यात घालणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

पुढील दिशा

वरील विवेचनावरून काही धोरणात्मक सूत्रे सुचविता येतात. पहिले, प्रत्येक उद्यानाने आपली वहनक्षमता गृहीतकांसह प्रतिवर्षी जाहीर करावी आणि रिक्त पदे भरल्याशिवाय वाहनांची संख्या वाढवू नये. दुसरे, सीमेलगतच्या हॉटेलांनी जंगलाचे देणे द्यावे. पाच किलोमीटरच्या आतील हॉटेलांनी आपल्या उलाढालीच्या ३० टक्के रक्कम व्याघ्र प्रकल्पास द्यावी, अशी शिफारस २००५ मध्ये व्याघ्र कृती दलाने केली होती. २०१२ च्या सूचनांतही संवर्धन शुल्काची तरतूद आहे. दराबाबत मतभेद होऊ शकतात, तत्त्वाबाबत होऊ नयेत.

तिसरे, या निधीचा विनियोग ग्रामसभांच्या सहभागाने व्हावा आणि पीकहानी व पशुहानीची भरपाई तातडीने मिळावी. वनहक्क अधिनियम, २००६ ने ग्रामसभेला दिलेले स्थान येथे विसरता येणार नाही. चौथे, मार्गदर्शक व चालक यांचे उत्पन्न वाघ दिसण्यावर अवलंबून राहू नये. वाघ दिसल्यावर मिळणारी बक्षिसी हीच वाहने घेराव घालण्यामागील प्रेरणा असेल, तर निश्चित व पुरेसे मानधन हा दंडाइतकाच परिणामकारक उपाय ठरतो. पाचवे, पक्षी, फुलपाखरे, वृक्ष, पायवाटा आणि स्थानिक संस्कृती यांभोवती पर्यटनाची आखणी करून मागणी विकेंद्रित करावी. गर्दीच्या दिवसांसाठी चढा आणि इतर दिवसांसाठी कमी दर ठेवणे हेही विकेंद्रीकरणाचे साधन आहे. मात्र त्यात शालेय विद्यार्थ्यांसाठी सवलत असावी, अन्यथा जंगल पाहणे ही श्रीमंतांचीच मिरास ठरेल.

समारोप

कऱ्हांडल्याच्या रस्त्यावर अडकलेल्या वाघिणीकडे पुन्हा वळू या. वाहनातील पर्यटकाने पैसे मोजले होते, चालकाला बक्षिसीची आशा होती, आणि रोखायला जागेवर कोणी नव्हते. या तिघांपैकी एकालाही वाघीण सुरक्षित राहण्यात तत्काळ लाभ दिसत नव्हता. भरतपूरचा रिक्षाचालक, पेरियारचा पूर्वीचा साल-चोर आणि हेमिसमधील गृहिणी यांना तो दिसतो, कारण जंगल टिकले तरच त्यांचे उद्याचे उत्पन्न टिकणार आहे. शाश्वत पर्यटन या संज्ञेचा व्यवहारातील अर्थ एवढाच, की मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर निर्वाह करावा आणि ते व्याज प्रथम मुद्दलाची राखण करणाऱ्यांच्या हाती पडावे. तसे झाले तर मर्यादा पाळण्यासाठी प्रत्येक वेळी न्यायालयाचे दार ठोठावावे लागणार नाही. सीमेवरील गावेच ती राखतील.